वामनरावांची पहिली बोंब

मानवी संस्कृतीचा इमला तीन खांबांवर उभा आहे. अग्नी, भाषा आणि बोंब. अग्नी सापडला तेव्हा माणूस गुहेतून बाहेर आला. भाषा सापडली तेव्हा तो शेजारच्या गुहेतल्याशी भांडू लागला. आणि भाषा पुरेनाशी झाली तेव्हा त्याने पालथी मूठ तोंडावर आपटून जगातली पहिली बोंब ठोकली. पहिल्या दोन खांबांवर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. तिसऱ्याबद्दल सगळे विद्वान गप्प आहेत. बहुधा त्यांना ती मारता येत नसावी.

सिवूड्सच्या 'ऋतुरंग' सोसायटीत, बी विंगच्या अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या वामनराव खासनीसांनाही ती मारता येत नव्हती. भाषा त्यांची उत्तम होती. अग्नीसाठी लायटर लागायचा, आणि तो कुठे आहे हे सरोजिनीबाईंना विचारावं लागायचं. एकूण संस्कृतीचा दीड खांब त्यांच्या नावावर होता आणि तेवढ्यावर त्यांचं निवृत्तीपर्यंत नीट भागलं होतं.

बोंब न येणं हे पोहायला न येण्यासारखं असतं. पाण्यात पडेपर्यंत कळत नाही. वामनराव पाण्यात पडले ते होळीला तीन आठवडे उरले असताना, स्वतःच्या दिवाणखान्यात, सोफ्यावर बसल्या बसल्या. त्यांना ढकललं त्यांच्या व्याह्यांनी.

व्याही म्हणजे करावे गावचे धर्मा तांडेल. त्यांचा निकेश आणि खासनीसांची श्रुती यांचं लग्न मार्गशीर्षात झालं होतं. धर्माशेठ जासईला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. सात डब्यांच्या थप्पीपलीकडच्या क्रेनवाल्याला ते फोन करत नसत, हाक मारत. त्या दिवशी ते सुरमईची पिशवी घेऊन आले, चहा प्याले आणि म्हणाले, "याही, होलीला यायचं हां सगल्यांनी. आन औंदाची पयली बोंब तुमची."

"माझी?" वामनरावांनी बशी खाली ठेवली.

"मंग कोनाची? आमचे पाड्यान रीतच हाय. पोरीचं लगीन झालं, का पयल्या होलीला पोरीचा बापूस पयली बोंब मारतो. लग्नान मानपान चुकला असंल, राग रायला असंल, काय काय पोटान असतं मानसाचे, तं सगला होलीन टाकायचा. मंग होली पेटवायची. तवर कोनी तोंड उघरत नाय."

"आणि समजा," वामनराव अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "एखाद्याने नाही मारली?"

"म्हंजे त्याचे पोटान हाय काय तरी!" धर्माशेठ हसले. "मागं एक याही लाजला. पोरीला नातू झाला, तरी बाया अजून विचारतात, बापाचा राग गेला का गो?" मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त अकराव्या मजल्यापुरता ठेवला. "खरं सांगू? आयेला जरा तसा वाटतंय. लग्नान तुमी काय बोललंच नाय ना. ती बोलते, याही गप का? आमी आवरलो नाय काय त्याला? मी बोललो, आता होलीला बघ." आणि उठता उठता विचारलं, "येते ना बोंब?"

"म्हणजे काय!" वामनराव म्हणाले.

'म्हणजे काय' या दोन शब्दांनी आजवर जितकी मध्यमवर्गीय मराठी माणसं बुडवली आहेत, तितकी कुठल्या बुडीत पतपेढीनेही बुडवली नसतील. त्याचा अर्थ 'हो' होत नाही, 'नाही' होत नाही, फक्त परतीचा रस्ता बंद होतो.

वास्तविक वामनरावांना तांडेल मंडळी मनापासून आवडली होती. लग्नात ते गप्प होते, कारण ते कायमच गप्प असत. विमा कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी झालेली. तिथे येणाऱ्या प्रत्येक संतप्त माणसाला ते शांतपणे सांगत, "लेखी द्या." पुढे हा सल्ला त्यांनी स्वतःलाच दिला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तरी ते दुसऱ्या दिवशी त्याला मुद्देसूद समजावत. पण निकेशच्या आजीला, चंद्राबाईंना, हे कोण सांगणार? आणि श्रुतीने त्या घरात जन्मभर 'बापाचा राग गेला का' ऐकत राहायचं?

त्याच संध्याकाळी त्यांनी बाथरूमचं दार लावून नळ सोडला, मूठ पालथी केली, डोळे मिटले आणि तोंडावर आणली. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. मूठ ओठाला लागताक्षणी आवाज बंद पडला. साहेब केबिनमध्ये आल्यावर कारकुनांच्या गप्पा थांबतात, तसा. मूठ काढली की आवाज हजर. मूठ लावली की गुल. पाच-सहा प्रयत्नांनंतर शिट्टी गळालेल्या कुकरसारखी नुसती वाफ आली.

"गीझर बंद करायचाय का?" बाहेरून सरोजिनीबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही अडचण शेजारच्या सीताराम परबांना अत्यंत गुप्तपणे सांगितली. सोसायटीत गुप्तपणे सांगितलेली गोष्ट लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचते. परब देवगडचे. शिमगा हा त्यांच्या मते सण नसून घटनेने दिलेला हक्क होता.

"मूठ बघू," परब म्हणाले. वामनरावांनी दाखवली. "ही काय मूठ? ह्या मुठीत तुम्ही सत्यनारायणाचा प्रसाद घेताय. जरा आवळा! आणि बोंब बेंबीतून यायला हवी. तुमची घशात येते आणि तिथे बसून विचार करते."

सी विंगच्या मीनाताई 'श्वास आणि सूर' नावाचा ऑनलाइन वर्ग घेत. त्यांनी आठवडाभर सकाळी भ्रमराचा गुंजारव करायला सांगितलं. वामनरावांनी इमानाने केला. शेवटी खालच्या मजल्यावरून निरोप आला, की तुमच्या मिक्सरचं बेअरिंग गेलंय. वॉचमनने मध आणि मिरपूड सुचवली. तळमजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी थायरॉइड तपासायला सांगितला. सुचवणाऱ्यांपैकी प्रत्येकजण आधी स्वतःची एक बोंब मारून दाखवी, मग "इतकं सोपं तर आहे" म्हणे. पाठीला हात न पुरणाऱ्या माणसासमोर सगळ्या जगाने आळीपाळीने आपापली पाठ खाजवून दाखवावी, तसा हा प्रकार होता.

शेवटी ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय त्रास होतोय?"

"बोंब मारता येत नाही."

तिने वर पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि 'घसा' एवढंच लिहिलं. डॉक्टरांनी नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून स्वरयंत्र पडद्यावर दाखवलं. "एकदम छान आहे," डॉक्टर म्हणाले. "फारसं वापरलेलंच नाही. काका, तुम्ही शेवटचं कधी ओरडला होतात?"

वामनराव विचारात पडले. बाहेरचे तीन पेशंट आत येऊन गेले तरी त्यांना आठवेना.

सराव तर हवाच होता. घरात शक्य नव्हतं. गच्चीला सोलर बसवल्यापासून कुलूप होतं. किल्लीसाठी सेक्रेटरींकडे गेले, तर सेक्रेटरी म्हणाले, "लेखी द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच वामनरावांना हे शब्द समोरून ऐकू आले आणि ते किती वाईट लागतात हे कळलं. त्यांनी लेखी दिलं. विषय, 'स्वरव्यायामासाठी गच्ची मिळण्याबाबत.' कमिटीने अर्ज सहानुभूतीने वाचून परत पाठवला. व्यायाम असेल तर जिममध्ये करावा, स्वर असेल तर क्लबहाउस आरक्षित करावं, दोन्ही एकत्र असेल तर सर्वसाधारण सभेपुढे ठेवावं लागेल. सर्वसाधारण सभा होळीनंतर होती.

म्हणून मग लिफ्ट. दुपारी लिफ्ट रिकामी असते, दार घट्ट, आवाज बाहेर जात नाही. वामनरावांनी अकरा ते तळ, तळ ते अकरा असा सराव सुरू केला. लिफ्टमध्ये कॅमेरा असतो हे त्यांना माहीत होतं. कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. खाली वॉचमनला पडद्यावर काय दिसलं? बी विंगचे खासनीस काका, डोळे बाहेर, चेहरा लाल, स्वतःच्या तोंडावर गुद्दे मारताहेत.

दार उघडलं तेव्हा समोर परब, वॉचमनने धावत बोलावून आणलेले. "घशात अडकलंय!" असं ओरडत त्यांनी वामनरावांना मागून मिठी घातली आणि दोन्ही मुठी बेंबीच्या वर अशा काही दाबल्या, की कुठल्याही सामान्य माणसाची बोंब पामबीच रोडपर्यंत ऐकू गेली असती.

वामनरावांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला. "कृपया."

तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली'ही टाकून दिली. पाच मिनिटांनी ती काढली, पण पाच मिनिटं वामनराव तिच्याकडे बघत बसले होते आणि त्यांना तिच्यात फारसं काही चुकीचं वाटलं नव्हतं.

आता उरली खाडी. सिवूड्सच्या मागच्या तळ्यावर त्या दिवसांत फ्लेमिंगो उतरतात. हजारोंनी, चिखलात एका पायावर, मान पाण्यात घालून. सकाळी वामनराव काठावर गेले. निर्मनुष्य वाटलं म्हणून खूश झाले. मूठ उचलली, परबांच्या आज्ञेप्रमाणे बेंबी गाठली, मीनाताईंच्या आज्ञेप्रमाणे श्वास भरला, आणि त्यांच्या आतून कुठूनतरी "खॉक्" असा ठसका आला.

त्याबरोबर आसपासच्या झुडपांतून सात-आठ माणसं उभी राहिली. सगळ्यांच्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत लांब लेन्स.

"अंकल! प्लीज!" एक जाकीटवाला दबल्या आवाजात किंचाळला. "बर्ड्स डिस्टर्ब होतात! किती नॉइज करता!"

वामनरावांना इतकं बरं वाटलं, की क्षणभर त्याचं नाव-पत्ता विचारून करावेला साक्षीदार म्हणून न्यावं असा विचार मनात आला. किती नॉइज करता! त्यांना! एवढ्यात तळ्यातल्या एका फ्लेमिंगोने मान वर काढून, कुणीही न शिकवता, मूठ नसताना, खणखणीत बोंब मारली. जाकीटवाल्याने तिचा फोटो काढला. वामनराव घरी आले.

घरी श्रुतीचा फोन. "बाबा, आजी रोज विचारतात हां, बापूस मारंल ना? मी सांगून टाकलंय, माझे बाबा एकदम मस्त मारतात."

"असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू?" श्रुती हळू आवाजात म्हणाली. "बाबा, तुम्हाला खरंच काही राग नाही ना? म्हणजे, तसं असेल तर मला सांगा."

"अगं, नाही गं," वामनराव म्हणाले. पण ते इतक्या शांतपणे म्हणाले, की त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटलं.

निकेशने मग फोन घेतला. निकेश मोबाइल कंपनीत होता आणि जगातल्या सर्व दुःखांवर त्याच्याकडे ब्लूटूथ होतं. "पप्पा, टेन्शन नका घेऊ. मी स्पीकर लपवतो मागे. बोंब डाउनलोड केलीय. तुमी फक्त मूठ हलवा, बाकी मी सांभालतो."

"उसनी बोंब?" वामनराव ताठ झाले. "जावईबापू, आमच्या घराण्यात कुणी बोंब मारली नसेल. पण लबाडीही केली नाही." हे वाक्य त्यांना चांगलं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, की निदान कोणती डाउनलोड केली ती ऐकायला तरी हवी होती.

होळी आली. सणांचं हे एक वाईट असतं, ते येतातच.

करावेतल्या तांडेलांच्या पाड्यात मधोमध उंच झाड उभं केलेलं, भोवती लाकडं आणि पेंढा, वर साखरेच्या गाठ्यांच्या माळा. दागिने घातलेल्या बाया फेर धरून होत्या, बेंजो पार्टी जोरात होती. वामनराव इस्त्रीचा झब्बा घालून एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सरोजिनीबाई शेजारी, मांडीवर पुरणपोळ्यांच्या डब्यांची पिशवी. समोर चंद्राबाई. त्यांनी हयातभर मासळी बाजारात बसून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचला होता. आता तीच नजर त्यांनी वामनरावांवर लावली होती.

धर्माशेठनी हात वर केला. बेंजो थांबला. फेर थांबला. एक तान्हं रडायला लागलं, तर आईने त्याच्या तोंडात गाठी दिली. पहिल्या बोंबेआधी कोणी तोंड उघडत नाही.

"याही," धर्माशेठ म्हणाले, "होऊ द्या."

वामनराव होळीपुढे उभे राहिले. मूठ आवळली. बेंबी आठवली. भ्रमर आठवला. अख्खा पाडा श्वास रोखून होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्या शांततेत त्यांच्या तोंडून स्पष्ट, नम्र शब्द आला.

"नमस्कार."

मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, "नमस्कार."

"परत, परत," धर्माशेठ पुटपुटले. वामनरावांनी परत मूठ लावली. वाफ. परत लावली. तीही नाही. पेटता काकडा धरलेल्या माणसाचा हात भरून आला, त्याने तो दुसऱ्या हातात घेतला. चंद्राबाईंनी ओठ मिटले आणि नजर काढून घेतली. भाव जमला नाही की घेतात, तशी. वामनरावांनी श्रुतीकडे पाहिलं. ती खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होती. हिरव्या चुड्याचा हात निकेशच्या हातात होता आणि तिने तो हळूच सोडवून घेतला होता. त्या क्षणी वामनरावांना खरोखर, आतड्यापासून ओरडावंसं वाटलं. पण ओरडावंसं वाटणं आणि ओरडणं यांच्यामध्ये जो दरवाजा असतो, त्याचीही किल्ली बहुधा सेक्रेटरींकडे असावी.

"धरा," मागून आवाज आला.

सरोजिनीबाई होत्या. त्यांनी डब्यांची पिशवी नवऱ्याच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला, दोन पावलं पुढे आल्या आणि पालथी मूठ तोंडावर नेली.

त्या बोंबेचं वर्णन करणं अवघड आहे. सुरुवात खालून झाली, अगदी घरगुती. मग ती चढली. झाडाच्या शेंड्यावरच्या गाठ्या हलल्या. खाडीच्या बाजूची कुत्री भुंकायची थांबली. मध्ये एकदा संपली असं वाटलं, पण तो नुसता परिच्छेद बदलला होता. वामनराव हातात पिशवी घेऊन ऐकत होते, आणि त्यांना त्या आवाजात हळूहळू एकेक गोष्ट ओळखू यायला लागली. रद्द केलेलं महाबळेश्वर. बाल्कनीचं गळणारं पाणी. नणंदेच्या मुलाच्या बारशाला झालेला तो प्रकार. आणि या सगळ्यांतून पुन्हा पुन्हा वर येणारा त्यांचा स्वतःचा आवडता शब्द, 'बघू'. शेवटी ती बोंब जिथे थांबली तिथे ती दमून थांबली नव्हती. सांगून झालं म्हणून थांबली होती.

चंद्राबाई खुर्चीतून उठल्या, सरोजिनीबाईंजवळ आल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "एवरी बोंब! तीन म्हयनं पोटान धरून बसलीस गो? एवरा राग आमचा?"

"छे हो, आजी!" सरोजिनीबाईंचा आवाज फाटला होता. "तुमच्यावर कसला राग? ही चौतीस वर्षांची आहे. तुमचं त्यात काहीच नाही."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग बायांना कळलं. आधी एक हसली, मग दहा, मग धर्माशेठ जासईच्या आवाजात हसले. चंद्राबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वामनरावांपुढे आल्या. पापलेटचा कल्ला उचलून बघावं तसं त्यांनी वामनरावांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. झब्बा, पिशवी, अर्धवट मिटलेली मूठ.

"धर्मा," त्या म्हणाल्या, "याही रागावलेला नाय रं. मुलातच असा हाय."

ही बातमी होळीभोवती तोंडातोंडी फिरली. "राग नाय, राग नाय. असाच हाय." "कोन?" "सूनबाईचा बापूस." "आजारी हाय?" "नाय, असाच." श्रुतीने तोंडावर हात ठेवला होता, पण खांदे गदगदत होते, आणि निकेशचा हात परत तिच्या हातात होता. काकडा लागला, होळी पेटली, आणि मग सगळ्या पाड्याने बोंबा ठोकायला सुरुवात केली. होळीला कुणाच्या तरी नावाने बोंबायचं असतं. यंदा नाव शोधावं लागलं नाही. मानाचा नारळही वामनरावांनाच मिळाला. चंद्राबाईंनी स्वतः हातात दिला, आजाऱ्याला देतात तसा.

तीन आठवडे वामनरावांना एकच भीती होती, की ही माणसं आपल्याला रागावलेला समजतील. आता विचार करता, रागावलेला समजलं जाणं ही तशी प्रतिष्ठेची गोष्ट होती.

परतताना धर्माशेठ गाडीने सोडतो म्हणाले, पण गल्लीत गाड्यांपुढे नाच होता. दोघं चालतच मोठ्या रस्त्याला आली. सरोजिनीबाई एक शब्द बोलत नव्हत्या. वामनराव पिशवी आणि नारळ घेऊन त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालले होते आणि मनात जुळवाजुळव करत होते. महाबळेश्वरचं काय म्हणायचं, बाल्कनीचं काय, आणि त्या शब्दाचं काय. पुलाखालच्या दिव्याजवळ त्यांनी धीर केला.

"सरोज," ते म्हणाले, "ते मी नेहमी म्हणतो ना, बघू म्हणून. त्याबद्दल मला..."

सरोजिनीबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज नव्हता. बसला होता, पार बसला होता. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग वामनरावांची बाही ओढली, त्यांचं डोकं खाली आणलं आणि कानात कसंबसं कुजबुजल्या,

"रिक्षा रिकामी चाललीये ती. जरा हाक मारा."